मेणवलीचा घाट, तीन पाव शीट

मेणवलीचा घाट स्पॉट करणाऱ्यांचा, म्हणजे जागेवर बसून चित्र काढणाऱ्यांचा, जुना अड्डा आहे. वाईपासून तीनेक किलोमीटर. मागे नाना फडणवीसांचा वाडा, पुढे कृष्णेत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, काठावर शंकराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली घुमटी. थंडीतल्या सकाळी इथे बोर्ड लावून बसलेले चार-दोन जण हमखास दिसतात, आणि अकराच्या सुमाराला त्यांतल्या निम्म्यांची चित्रं मळलेली असतात.

ती का मळतात, एवढाच इथला विषय. पुढचं प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. पारदर्शक जलरंग शिकणाऱ्या आणि बऱ्यापैकी हात बसलेल्या लोकांकडून त्याच चुका त्याच क्रमाने होतात. त्या इथे एका चित्रकाराच्या लागोपाठच्या तीन सकाळींवर बसवून दाखवल्या आहेत. चित्रकार नवशिका नाही. चार-पाच वर्षं काम केलेला, ड्रॉइंग चांगलं असलेला, आणि ‘जरा हात फिरवतो’ म्हणत चित्र सोडायला तयार नसलेला असा धरा.

सामान नेहमीचंच होतं. ३०० जीएसएम (म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) कागदाचं पाव शीट, म्हणजे ११ बाय १५ इंच, चारही कडांना चिकटपट्टी. १२ आणि ८ नंबरचे गोल ब्रश, एक इंची चपटा, बारीक फांद्यांसाठी लांब केसांचा २ नंबरचा रिगर. रंग नऊ: अल्ट्रामरीन, थॅलो ब्ल्यू, सेरुलियन, यलो ऑकर, कॅडमियम यलो, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अलिझारिन क्रिमसन, सॅप ग्रीन. नऊ रंग म्हणजे बरेच झाले, पण त्याकडे नंतर वळू.

पहिली सकाळ: २ तास ५० मिनिटं

सुरुवात ८ वाजून १० मिनिटांनी. पहिली ४५ मिनिटं पेन्सिलीत गेली. घाटाची प्रत्येक पायरी आखली, देवळाच्या शिखराचे थर मोजले. शिखर दोन्ही बाजूंना सारखं येईना, म्हणून ते चारदा खोडलं. यात वावगं काय, असं कुणालाही वाटेल. वावगं हे की चांगल्या जलरंगाच्या कागदावर सरसाचा पातळ थर असतो. रंग लगेच आत शिरू नये, थोडा वेळ वर तरंगावा, ही त्या थराची कामगिरी. साध्या रबराने चारदा घासलं की तो थर तेवढ्यापुरता उठतो. हे नुकसान पेन्सिल चालू असताना दिसत नाही. तासाभराने तिथे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, टाकला की तो सुटकन आत शोषला जातो, शेजारपेक्षा गडद आणि बोथट दिसतो आणि पुन्हा निघत नाही. शिखराच्या डाव्या अंगाला पडलेला डाग रंगाचा नव्हता, रबराचा होता.

८:५५ ला आकाशाचा वॉश. वर अल्ट्रामरीन, खाली येताना पाणी वाढवत किंचित ऑकर. बोर्ड पंधरा अंशांना कललेला, रंगाचा ओघळ एकसारखा खाली येत गेला. दहा मिनिटांत आकाश, लांबचा काठ आणि पाण्याचा तळरंग झाला. संपूर्ण चित्रातला हा सगळ्यात चांगला भाग, आणि तो इथेच सोडायला हवा होता.

९:०५ ला आकाश फिकट वाटायला लागलं. ते फिकट होणारच होतं: जलरंग वाळल्यावर साधारण पाव भाग उतरतो. ओल्यात बरोबर दिसलेला टोन (गडद-फिकटपणा) वाळल्यावर कमी पडतो, आणि ओल्यात थोडा भडक वाटलेला वाळल्यावर जागेवर येतो. हे माहीत असूनही हात गेला, कारण माहीत असणं वेगळं आणि समोर फिकट पडत चाललेलं आकाश बघत स्वस्थ बसणं वेगळं.

इथे थोडं थांबायला हवं. चित्र बिघडलं ते या पुढच्या सहा-सात मिनिटांत.

वॉश टाकल्यापासून वाळेपर्यंत कागद चार अवस्थांतून जातो. आधी पाणी साचलेलं असतं. मग साचलेलं पाणी जातं, पण कागद चकाकतो. मग चकाकी जाते आणि ओल राहते: बघायला कागद वाळल्यासारखा दिसतो, पण मनगटाची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. शेवटी खरा कोरडा, गार न लागणारा. पहिल्या दोन अवस्थांत काहीही टाकलं तरी ते मऊ पसरतं. चौथीत काहीही टाकलं तरी कड स्वच्छ राहते. तिसरी अवस्था मात्र दगा देते. मधल्या रंगकणांनी अजून कागद धरलेला नसतो, आणि वरून ब्रशातलं जास्तीचं पाणी आलं की ते भोवतालच्या कमी ओल्या भागात पसरतं, सुटे कण पुढे ढकलत नेतं, आणि जिथे थांबतं तिथे दातेरी कड सोडतं. यालाच आपण ‘फ्लॉवर पडला’ म्हणतो.

वाईच्या कोरड्या जानेवारीत, सावलीत आणि हलक्या वाऱ्यात, पाव शीटवरच्या वॉशची चकाकी चार ते सहा मिनिटांत जाते. बोर्डवर थेट ऊन असेल तर त्याच्या निम्म्या वेळात. कोकणात पावसाळ्यात हेच पाव तास चालतं. म्हणून ‘पाच मिनिटांनी झाड टाका’ अशी घड्याळाची कृती कामाची नाही. बोर्ड डोळ्यांच्या पातळीला तिरका धरून चकाकी बघावी लागते.

तर ९:०५ ला, चकाकी गेलेल्या आकाशावर, पाण्याने भरलेल्या १२ नंबरने वडाचा शेंडा टाकला गेला. ब्रशात रंग कोऱ्या चहाइतका पातळ, कागद जवळपास सुकत आलेला. फ्लॉवर पडला. तो टिपायला टिश्यू दाबला. टिश्यूने मधला रंग उचलला, पण कडेची रेघ तशीच ठेवली, आणि मध्ये आता पांढरा ठिगळ. ठिगळ भरायला पुन्हा निळा. तो शेजारच्या निळ्याशी जुळेना, कारण शेजारचा वाळून उतरला होता आणि हा ओला होता. जुळवायला आणखी गडद. वाळल्यावर तो जास्त झाला. झाडाच्या हिरव्यात थॅलो ब्ल्यू होता, आणि थॅलो कागदाला डाग धरतो, चपट्या ब्रशने कितीही पुसला तरी निळसर छटा मागे राहते. दोन बाय तीन इंचांच्या जागेत २५ मिनिटं गेली.

यातली प्रत्येक दुरुस्ती, स्वतंत्रपणे बघितली तर, योग्य होती. फ्लॉवर टिपायला टिश्यू वापरतातच. ठिगळ भरायचंच असतं. चूक उपायात नव्हती, तो उपाय तिसऱ्या अवस्थेत केला गेला यात होती. पंधरा मिनिटं हात खिशात घातले असते तर पहिला फ्लॉवर वडाच्या पानोऱ्यात सहज खपला असता.

९:३० ते १०:०५ देवळाची सावलीची बाजू. दगडाचा करडा हवा होता. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोघांत हलक्या राखाडीपासून जवळपास काळ्यापर्यंत सगळं मिळतं, आणि घाटाच्या काळ्या दगडाला, बेसॉल्टला, तो करडा अगदी चपखल बसतो. पण पहिला थर ‘जरा थंड’ वाटला म्हणून लाइट रेड आला, मग ‘जरा लाल’ वाटला म्हणून सेरुलियन, मग ऑकर. आता पाच रंग, त्यातले लाइट रेड आणि सेरुलियन बरेचसे अपारदर्शक. पारदर्शक रंगात उजेड थरातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो, आणि म्हणून सावलीसुद्धा उजळ वाटते. अपारदर्शक कणांची भिंत उभी केली की उजेड वरूनच परततो. रंग गडद होत नाही, मेल्यासारखा होतो. चिखल म्हणतात तो हाच.

त्यात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती अनेकांच्या ध्यानात येत नाही. जलरंगाला बांधून ठेवणारा डिंक वाळल्यावरही पाण्यात पुन्हा विरघळतो. वरचा थर एकदाच, हलक्या हाताने, भरल्या ब्रशाने घातला तर खालचा हलत नाही. ब्रश त्याच जागी पुढे-मागे फिरला की खालचा थर उठतो आणि वरच्यात मिसळतो. तीन थर दिसतात, पण प्रत्यक्षात एकच ढवळलेला थर उरतो.

१०:०५ ते १०:४५ पायऱ्या. उन्हाच्या खुणा पेन्सिलीत केल्या होत्या साडेआठच्या सुमाराला. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे साडेदहाला उजेडाची दिशा तीस अंशांनी हलली होती. डावीकडच्या पायऱ्या पेन्सिलीच्या खुणांप्रमाणे रंगवल्या गेल्या, उजवीकडच्या समोर दिसल्या तशा. प्रत्येक पायरी आपापल्या जागी अचूक होती. एकत्र बघितलं तर घाटावर दोन सूर्य उगवलेले.

शेवटची पंधरा मिनिटं पाण्यात, आणि हरवलेला पांढरा परत आणायला पोस्टर कलरच्या पांढऱ्या रेघा. अकरा वाजता चित्र ‘पूर्ण’ झालं. एकशे सत्तर मिनिटांपैकी शंभराच्या आसपास मिनिटं खोडण्यात आणि आधी घातलेलं दुरुस्त करण्यात गेली होती.

दुसरी सकाळ: ३० मिनिटं

पहिल्या दिवसाचा राग दुसऱ्या दिवशी निघाला. पेन्सिल नाही, विचार नाही, सरळ रंग. अर्ध्या तासात शीट भरली.

आकाश सुंदर आलं, झाडही. बाकीचं पडलं. डोळ्यांच्या पातळीची रेषा ठरवली नव्हती, त्यामुळे वरच्या पायऱ्यांवर बसून बघितलेला घाट काही ठिकाणी वरून आणि काही ठिकाणी खालून दिसत होता. देऊळ नदीकडे झुकलं. कागदाचा पांढरा कुठेच राखला नाही, म्हणून पाण्यावरची चमक नाही. सगळं मधल्या टोनमध्ये.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी. या चित्रातला वड हा मेणवलीचा वड नव्हता. गेल्या चार वर्षांत या चित्रकाराने जिथे जिथे झाड काढलं तिथे आलेलं तेच झाड होतं: डावीकडे झुकलेलं, तीन घोस, दोन भोकं. विचार न करता जे उतरतं ते मनातून उतरतं असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते मनगटातून उतरतं. हाताला जे पाठ आहे ते तो आधी देऊन मोकळा होतो. उत्स्फूर्तपणाच्या नावाखाली मिरवल्या जाणाऱ्या कितीतरी स्पॉट चित्रांत जागा बदलते, झाड बदलत नाही. पहिल्या दिवशीच्या मळक्या चित्रात निदान समोरचं झाड बघितलेलं होतं.

तिसरी सकाळ: ९८ मिनिटं

तिसऱ्या दिवशी काटेकोरपणा कमी केला नाही, त्याची जागा बदलली. पाणी कागदाला लागायच्या आधी हवा तेवढा काटेकोरपणा, ओलं असताना अजिबात नाही.

पहिली २० मिनिटं बोर्ड बंदच. घाटावर फिरून दोन बाय तीन इंचांची तीन छोटी स्केचेस, ४बी पेन्सिलीत, प्रत्येकी चारेक मिनिटं, फक्त तीन टोन: कागदाचा पांढरा, मधला, गडद. यात तपशील घालता येतच नाही एवढा आकार लहान ठेवायचा. तिसऱ्या स्केचमध्ये असं दिसलं की चित्र देवळाचं नाही, देवळाच्या सावलीतून खाली उतरलेल्या उन्हाच्या पट्ट्याचं आहे. म्हणजे पांढरा कुठे राखायचा हे ठरलं. सावल्यांचा आकारही याच स्केचमध्ये कायमचा ठरला, वर वेळ लिहिली, ८:२०. त्यानंतर सूर्याने काय केलं याच्याशी चित्राचा संबंध नाही.

ड्रॉइंगला १५ मिनिटं. डोळ्यांची रेषा, देवळाचा ओळंबा, शिखराची उंची रुंदीच्या किती पट एवढं एकच माप. पायऱ्यांपैकी फक्त पाच रेघा: सगळ्यात वरची, पाण्याला टेकणारी, आणि मधल्या तीन, जिथे घाट वळतो. खोडायचं तर पुट्टी रबराने (कणकेसारखं मऊ असतं ते), दाबून उचलायचं, घासायचं नाही.

पुढची ८ मिनिटं फक्त रंग कालवण्यात. हा टप्पा सगळ्यांत जास्त गाळला जातो. पाव शीटच्या मोठ्या वॉशला २० ते २५ मिलिलिटर, म्हणजे चार-पाच लहान चमचे तयार रंग लागतो. तो अर्ध्यात संपला आणि पुन्हा कालवायला घेतला, की तोवर कागद तिसऱ्या अवस्थेत जातो आणि मग सगळी पहिली सकाळ पुन्हा घडते. तीन वाट्या भरल्या: आकाशाचा निळा, उन्हातल्या दगडाचा ऑकर-सिएना, सावलीचा अल्ट्रामरीन-सिएना. पॅलेटमधून थॅलो, सेरुलियन, लाइट रेड आणि कॅडमियम काढून टाकले. उरले पाच. हिरवा सॅप ग्रीन आणि बर्न्ट सिएनाचा. एका मिश्रणात जास्तीत जास्त तीन रंग. पाण्याचे डबे दोन: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याला.

पहिला वॉश १२ मिनिटं. उन्हाचा पट्टा कोरा ठेवून वरपासून खालपर्यंत एकसंध, आकाश, झाडाचा लांबचा भाग, दगडाचा उजेडातला रंग, पाणी, सगळे एकमेकांत वाहू दिले. झाड चकाकी असतानाच टाकलं, आणि ब्रशातला रंग या वेळी सायीइतका दाट. नियम साधा आहे: कागदापेक्षा ब्रश नेहमी कोरडा हवा. कागद ओलागच्च असेल तर दुधाइतका रंग चालतो, चकाकी उतरायला लागली की साय, चकाकी गेली की काहीच नाही.

मग १० मिनिटं उठून जायचं. अक्षरशः, बोर्डापासून लांब, नदीपर्यंत. खुर्चीत बसून वाट बघणाऱ्याचा हात जातोच.

या दहा मिनिटांत आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक फ्लॉवर पडलाच, चिकटपट्टीवर साचलेलं पाणी मागे सरकल्यामुळे. (शेवटी कोरड्या ब्रशाने कडेचं पाणी टिपायला विसरलं की हे ठरलेलं.) तो दुरुस्त केला नाही. चिकटपट्टीवर पेन्सिलीने ‘उजवा कोपरा’ एवढंच लिहिलं. ही युक्ती दिसायला बाळबोध आहे, पण चांगली चालते: खटकलेली गोष्ट लिहून ठेवली की हाताला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि कागद वाचतो. चित्र संपल्यावर यादी वाचायची, तीही आठ-दहा फुटांवरून चित्र बघत. निम्म्याहून जास्त नोंदी तिथून दिसतसुद्धा नाहीत.

दुसरा थर २० मिनिटं, पूर्ण कोरड्यावर: देवळाची सावली, झाडाखालचा अंधार आणि पायऱ्यांवर उतरणारी सावली, सगळी एकाच जोडलेल्या आकारात, एकाच मिश्रणाने, वरून खाली एकदाच. जिथे सावली दगडावरून मातीत उतरते तिथे ओल्यातच थोडा सिएना सोडला. ब्रश मागे नेला नाही. पाच मिनिटं थांबून शेवटची ८ मिनिटं गडद खुणांना: घुमटीच्या आतला काळोख, दोन माणसं, पायऱ्यांच्या सांध्यांतल्या सात-आठ तुटक रेघा. सगळ्या पायऱ्या काढल्या नाहीत, तरी मोजून घ्याव्यात इतक्या दिसतात.

वेळेबद्दल एक गैरसमज

हे वाचून ‘जलरंग म्हणजे झटपट’ असा अर्थ कुणी काढू नये. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र, जे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि जे अनेकजण बिनदिक्कत रविवर्म्याच्या नावावर खपवतात, ते जलरंगातलं आहे. बोटांतून झिरपणारा लाल उजेड, पदराच्या चुण्या, सगळं पूर्णत्वाला नेलेलं, आणि तरी कुठे मळ नाही. सावकाश केलेलं आणि घासलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोलीतला समईचा उजेड सरकत नाही, कागद प्रत्येक थरानंतर हवा तितका वेळ वाळू देता येतो. घाटावर या दोन्ही सवलती नाहीत.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांचं. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ, याच जागा त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवल्या. समाधान झालं नाही तर तोच कागद घासण्याऐवजी तीच जागा नव्या कागदावर काढणं हा परिपूर्णतेच्या हट्टाला जलरंगातला सगळ्यात सुरक्षित रस्ता आहे. पाव शीट महाग वाटत असेल तर अष्टमांश घ्यावं, साडेसात बाय अकरा. पण चौथी दुरुस्ती करू नये.

कोरड्यावर काय चालतं

यादीतल्या उरलेल्या नोंदींसाठी घरी येऊन, कागद पूर्ण वाळल्यावर, थोडी कामं बिनधोक करता येतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना बऱ्यापैकी उचलले जातात: ओलसर चपटा ब्रश दोनदा फिरवायचा, लगेच टिश्यूने टिपायचं, आणि तिसऱ्यांदा तिथे जायचं नाही. अलिझारिन आणि थॅलो डाग धरतात, त्यांच्या नादी लागू नये. पाण्यावरचे दोन-तीन चमकते ठिपके ब्लेडच्या टोकाने खरवडता येतात, पण हे शेवटचं काम, कारण खरवडलेल्या जागी पुन्हा रंग घातला तर तो काळवंडतो. मोठा वॉश पुन्हा टाकणं, आकाश ‘थोडं’ गडद करणं, झाडाची कड मऊ करणं, हे घरी बसून करू नये. स्पॉटवरची चित्रं घरी आल्यावर बिघडतात ती याच तीन कामांत.

तिसऱ्या चित्राच्या चिकटपट्टीवर पाच नोंदी होत्या. उजवा कोपरा माउंटच्या, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खाली झाकला गेला. देवळाच्या पायाशी सावली जरा निळी राहिली, ती दहा फुटांवरून दिसत नाही. एक माणूस पायऱ्यांच्या मानाने उंच झाला. त्याचे पाय ओलसर ब्रशने उचलून तो पाण्यात उभा केला. घुमटीची कड सगळीकडे सारखीच कडक आहे आणि त्यामुळे नजर देवळाऐवजी तिकडे जाते. ही खरी चूक आहे, आणि ती या कागदावर निघणार नाही. घुमटी आणि तिच्यामागचं झाड एकाच ओल्या वॉशमध्ये घ्यायला हवं होतं, म्हणजे डावी कड आपोआप हरवली असती. पाचवी नोंद होती ‘पाणी सपाट’. नदीचं पाणी पहिल्या वॉशमध्ये वाहू दिलं खरं, पण चकाकी असताना त्यात देवळाच्या प्रतिबिंबाचे उभे फटकारे द्यायचे राहून गेले. त्यासाठी हातात दोनच मिनिटं असतात. पुढच्या वेळी पाण्याच्या गडदाची चौथी वाटी आधीच कालवून ठेवायची, असं त्या नोंदीखाली लिहिलेलं आहे.